ना माहेरची, ना सासरची गाणी

परवा गोकुळाष्टमीला आमच्या गल्लीत दहीहंडी बांधली होती. चौकातल्या मंडळाने सकाळी आठलाच लाउडस्पीकर लावला आणि गाणी सुरू झाली. त्यात 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णाला हाक मारणारं गाणं आलंच. 1982 चा सिनेमा, बप्पी लाहिरींचं संगीत. इतकी वर्षं झाली तरी गोकुळाष्टमी त्याच्याशिवाय जात नाही. तुमच्याकडेही तेच असणार.

आता एक गंमत सांगते. या गाण्याची चाल 'जीझस' नावाच्या एका जुन्या विलायती गाण्यावरून घेतलेली आहे, असं चाली ओळखणारे जाणकार दाखवून देतात. मूळ गाणं टीलमन ब्रदर्सचं. हे भाऊ इंडोनेशियातले, पुढे हॉलंडला जाऊन राहिलेले, गिटारी घेऊन गाणारे. म्हणजे येशूला मारलेली हाक आपल्याकडे येऊन कृष्णाला पोहोचली. देवाला काय, हाक पोहोचल्याशी कारण!

आणि आपल्या सिनेमात ते गायलं कोणी? नंदू भेंडे यांनी. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी नाटकं पाहणाऱ्या जुन्या बायकांना त्या दोघांची ओळख करून द्यायला नको. आशाबाई मूळच्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. माहेरचं नाव लिली इझिकेल, कवी निसिम इझिकेल त्यांचे भाऊ. अशा घरातल्या नंदूने 1974 साली मुंबईत अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या नाटकात ज्यूडासचं काम केलं. येशूला पकडून देणारा तो शिष्य. सगळं नाटक रॉक संगीतात, एक वाक्य साधं बोललेलं नाही. येशूचं काम केलं मधुकर चंद्र धस यांनी. हे धस 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या रॉक मंडळीत गात. त्या मंडळींची 'ऑब्सेशन 77' ही तबकडी आपल्याकडे कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती. 2011 मध्ये एका अमेरिकन कंपनीने ती शोधून पुन्हा काढली, तेव्हा इथल्या लोकांना कळलं, की असं काही आपल्याकडे झालं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, आज हे काय काढलंत? मागच्या अंकात तर लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं ते सांगत होतात. सांगते. आजही बुरशीचीच गोष्ट आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. सगळी कॉलनी त्यांना सिस्टरबाईच म्हणते. घराणं मूळचं नगरकडचं, ख्रिस्ती. वडील नोकरीच्या निमित्ताने बल्लारपूरला आले आणि इथलेच झाले. मागच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, त्यांनी माळा साफ करायला काढला. (चंद्रपुरात मे महिन्यात माळ्यावर चढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.) मी ताक घेऊन गेले तर दारात भंगारवाला उभा, आणि त्याच्या तराजूत एक खोकं.

"काय आहे हो यात?"

"काही नाही जी वहिनी, धाकट्याच्या कॅसेटी. वाजत नाहीत, कायले ठेवायच्या? वाळवी लागली खोक्याले."

मी डोकावले. वर तीन-चार तबकड्या, एक तर उन्हाने पापडासारखी वाकलेली. खाली तीसेक कॅसेटी. बऱ्याचशांवर इंग्रजी नावं, आखातात नर्स असलेल्या मामेबहिणीने पाठवलेल्या. तळाला एक साधी साठ मिनिटांची कॅसेट. तिच्यावर निळ्या शाईत मराठीत फक्त 'आमची' असं लिहिलेलं. ते अक्षर पाहिल्याबरोबर सिस्टरबाई खाली बसल्या. भंगारवाल्याला मीच दहा रुपये देऊन वाटेला लावलं.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. शिक्षक होता. 1989 मध्ये अहेरीकडे नोकरीला असताना मलेरिया डोक्यात गेला आणि चार दिवसांत संपला. तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन सातच वर्षं झाली होती. 1982 मध्येच तो चंद्रपुरातून वेगळा निघाला. अहेरी-भामरागडच्या जंगलात त्या वेळी नोकरी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांनाच माहीत. हा मुलगा गिटार वाजवायचा. आणि घरात भांडण होतं ते त्या गिटारवरून.

वडील मंडळीतले मोठे पंच. चर्चमध्ये पेटी, तबला, टाळ यांच्यावर भजन व्हावं, असा त्यांचा शिरस्ता. मुलाने टिळकांचं एक भजन गिटारवर, रॉकच्या ठेक्यात बसवलं आणि नाताळात म्हणायची परवानगी मागितली. वडील म्हणाले, "हा तमाशा देवळात चालायचा नाही." गिटार त्या दिवसापासून खाटेखाली गेली. मुलाने मित्राच्या क्वार्टरमध्ये टेपरेकॉर्डर समोर ठेवून गाणी भरली, ती ही 'आमची'.

मैत्रिणींनो, ही गोष्ट एका बल्लारपूरच्या घरातली वाटते, पण त्या खोक्यातल्या प्रत्येक कॅसेटमागे अशीच एक आहे. मी पुढे महिनाभर त्यांच्यामागे लागले, वाचलं, ऐकलं, तेव्हा समजलं. अमेरिकेत 1969 मध्ये लॅरी नॉर्मन नावाच्या पोराने 'अपॉन धिस रॉक' काढली. ख्रिस्ती रॉकची सुरुवात पुष्कळजण तिथूनच धरतात. झालं काय, की चर्चवाले म्हणाले, ही केसाळ पोरं आणि हे ढोल, हे सैतानाचं संगीत. आणि बाजारवाले म्हणाले, यात येशू फार झाला, हे रेडिओवर कोण लावणार? माहेराने पाठवलं, सासरने घेतलं नाही, अशी त्या गाण्यांची गत. मग ती छोट्या छोट्या कंपन्यांनी काढायची, ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात धार्मिक ग्रंथांच्या शेजारी विकायची. कंपनी बुडाली की मूळ टेप कोणाच्या तरी गोदामात जायची. पुन्हा छापणार कोण? नॉर्मनच्या 1972 च्या 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट'ला पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत जागा दिली, पण 2013 च्या यादीत. तोवर तो जाऊन पाच वर्षं झाली होती.

मला मात्र नॉर्मनपेक्षा त्या खोक्यातल्या बायका जास्त आवडल्या. 'सेकंड चॅप्टर ऑफ ॲक्ट्स' नाव वाचून मला वाटलं, असतील कोणी मोठे कलावंत. निघाल्या ॲनी हेरिंग, आपल्यासारख्याच एका घरच्या. आई 1968 मध्ये गेली, वडील 1970 मध्ये. ॲनीचं लग्न झालेलं होतं. धाकटी बहीण नेली आणि भाऊ मॅथ्यू यांना तिने आपल्या घरी आणलं. नवऱ्याने, बक हेरिंगने, हूं की चूं केलं नाही. (अशा नवऱ्याचं नाव लिहून ठेवायलाच हवं.) घरात पियानो होता. संध्याकाळी ॲनी वाजवायला बसे, पोरकी भावंडं सूर धरत. त्यातून तीन आवाजांची अशी काही गुंफण तयार झाली, की 1974 मध्ये 'विथ फुटनोट्स' ही पहिली तबकडी निघाली. बक स्वतः ध्वनिमुद्रणातला जाणकार, तबकड्या त्यानेच केल्या. 1988 पर्यंत ही भावंडं एकत्र गात राहिली. त्या सुरांत मोठी बहीण कुठे धाकट्यांना सावरते आणि कुठे त्यांना पुढे जाऊ देते, ते इंग्रजी न कळणाऱ्या बाईलाही कळतं. मला तरी कळलं.

दुसरी एक सिस्टर जॅनेट मीड. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची जोगीण, शाळेत संगीत शिकवणारी. तिने प्रभूची प्रार्थना रॉकच्या ठेक्यावर गायली आणि 1974 मध्ये ते गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. मिळालेले पैसे दानधर्माला गेले. प्रसिद्धी मात्र बाईंना मानवली नाही. त्या मागे फिरल्या आणि पुढची कितीतरी वर्षं बेघर माणसांसाठी काम करत राहिल्या. 2022 मध्ये गेल्या. त्या एका गाण्यापलीकडे त्यांची अख्खी तबकडीही आहे, 'विथ यू आय ॲम'. तिचं नाव आज कोणी घेत नाही.

आणि जॉय वेब. हिचं नाव नगरकडच्या बायकांनी तरी ऐकायला हवं, कारण ही मुक्तिफौजेतली. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुक्तिफौजेचा दवाखाना कोणाला माहीत नाही? त्याच मुक्तिफौजेच्या लंडनमधल्या या अधिकारी बाई. 1963 मध्ये फौजेचे नवे जनरल पत्रकारांसमोर बोलून गेले, की आमची माणसं गिटार घेऊन कॉफीच्या दुकानांतसुद्धा जातील. बोलून गेले खरे, पण गिटार वाजवणार कोण? मग जॉय वेब आणि तरुण मंडळी पुढे आली. 'जॉयस्ट्रिंग्ज' असं त्यांचं नाव पडलं. गणवेश अंगावर, बायकांच्या डोक्यावर फौजेची ती टोपडी, आणि हातात विजेची गिटार! 1964 मध्ये त्यांचं गाणं इंग्लंडच्या यादीत लागलं. बीटल्सच्या धामधुमीतली ही गोष्ट आहे. 1969 मध्ये मंडळी पांगली.

शिकागोच्या वेंडी कायझरचीही एक कॅसेट त्यात होती. नवराबायको दोघं मिळून 'रिझरेक्शन बँड' चालवत आणि एका मोठ्या एकत्र कुटुंबासारख्या वस्तीत राहत. 1978 ची 'अवेटिंग युअर रिप्लाय'. खरं सांगायचं तर ती मला झेपली नाही, डोकं उठलं. तुमच्या घरी मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असेल तर त्याला द्या, तो खूश होईल.

'सुपरस्टार'ची जोडतबकडीही होतीच, 1970 ची. ती करणारे दोघे तरुण काही देवळातले नव्हते आणि ते भक्तिसंगीत आहे, असंही मी म्हणणार नाही. त्यात ज्यूडासची बाजू मांडली आहे, म्हणून ख्रिस्ती मंडळी रागावली. आपल्या देशात तर त्यावरून पंचवीस वर्षं कज्जा चालला. मेरी रॉय आठवतात ना? केरळातल्या सीरियन ख्रिस्ती मुलींना बापाच्या मिळकतीत भावाइतका वाटा मिळावा म्हणून ज्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या, त्याच. त्यांच्या कोट्टायमच्या शाळेतली मुलं हे नाटक करणार होती, त्याच्यावर सरकारी बंदी आली. बाई पुन्हा कोर्टात. बंदी उठली ती 2015 मध्ये. बंदी आली तेव्हा ज्या मुलांनी तालमी केल्या होत्या, ती एव्हाना स्वतः आईबाप झाली असतील. आपल्या बल्लारपूरला केरळी ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत. 1962 पासून चांद्याचा कॅथलिक धर्मप्रांत केरळच्या धर्मगुरूंकडेच आहे. त्यांच्यात हा कज्जा अजून जेवणाच्या टेबलावर निघतो.

आता मला राहून राहून वाटतं ते त्या भजनाचं. सिस्टरबाईंच्या वडिलांनी गिटार खाटेखाली घालायला लावली ती टिळकांच्या भजनासाठी. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, आपल्या लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तल्या टिळकांनी, काय केलं होतं? 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले तेव्हा चर्चमध्ये ऑर्गनवर, विलायती चालींत, भाषांतर केलेली गीतं पुष्कळ म्हणत. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी ओवी, अभंग, भजन यांची वाट धरली. ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीत येशूचं गाणं! त्या काळी हे नवंच होतं. 'ख्रिस्तायन' अर्धंच टाकून ते 1919 मध्ये गेले आणि पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी पुरे केले, हे तुम्हाला ठाऊक असेल. टाळमृदंग तेव्हा परके होते. ते आता इतके आपले झाले, की पंचांना गिटार परकी वाटली.

असो. आता 'आमची' कशी वाजवली ते सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकींच्या माळ्यावर असं खोकं असेलच. त्यात बारशाचा, मंगळागौरीचा, आजीच्या ओव्यांचा आवाजही असेल.

पहिली गोष्ट, सापडल्या सापडल्या कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे जंगलपट्टीचा पावसाळा आणि बंद कपाट, दुसरं काय होणार? ती उन्हातही ठेवायची नाही. उन्हाने कवच वाकतं आणि टेप ताणते. एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून (नव्या पर्समध्ये, बुटांच्या खोक्यात निघतात त्या जपून ठेवत चला) आठ दिवस कोरडी होऊ द्या. मग नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने, अंगणात झाडा. शेंगाच्या पेन्सिलीने, म्हणजे सहा कडांच्या, चाक हळूहळू फिरवून टेप मोकळी होते का बघा. अडली तर ओढू नका.

कवचाला स्क्रू असतील तर काम सोपं. आमच्या कॅसेटला होते, पाच. ते काढून आतल्या दोन्ही चकत्या जशाच्या तशा उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवल्या. आत फेल्टचा एक इवलासा तुकडा पितळी पट्टीवर असतो. तो पडला असला तर आवाज दबून येतो, म्हणून नव्या कवचातला शाबूत आहे ना ते पाहून घ्या. टेप तुटली तर नेहमीची चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते. टेपरेकॉर्डरचं हेड कापूस गुंडाळलेल्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, आधी आणि नंतर पुसा. आणि बुरशीची कॅसेट घरातल्या एकुलत्या एका चांगल्या यंत्रावर वाजवू नका, नाहीतर तीच बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. आम्ही मोडक्या बाजारातून एक जुनं यंत्र आणलं होतं.

पहिल्यांदा वाजवतानाच मुलाला सांगून ती मोबाइलमध्ये किंवा संगणकात तारेने भरून घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते.

तबकड्यांचं थोडक्यात. त्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. प्लॅस्टिकच्या तबकड्या गाळलेल्या पाण्याच्या, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्याच्या, थेंबाने आणि मऊ फडक्याने रेघांच्या दिशेने पुसा, मधली चिठ्ठी कोरडी ठेवून. पण आजोबांच्या वेळच्या जड, पडल्या की फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. वाकलेली तबकडी इस्त्रीने सरळ होते, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आमची वाकली ती गेलीच. ती 'सुपरस्टार'ची होती.

'आमची'ची पहिली बाजू साधारण चौदा मिनिटं वाजली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, कोणीतरी खोकलं, मग गिटार. धाकट्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जरा नाकातला होता, पण सुरात. टिळकांचं भजन तिसऱ्या नंबरावर आलं. मधेच मागून रेल्वेची शिट्टी ऐकू येते आणि तो थांबत नाही, शिट्टीच्या वरून गातो. सिस्टरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

वडील आहेत अजून, त्र्याण्णव वर्षांचे. मुलीकडेच असतात. ऐकू कमी येतं. त्यांना ऐकवावं की नाही, यावर आमच्या दोघींची चार दिवस चर्चा झाली. मी म्हणत होते, राहू द्या, या वयात कशाला? सिस्टरबाई म्हणाल्या, "वहिनी, मी त्या वेळी मधे काही बोलले नाही जी. आता तरी ऐकवते."

रविवारी उपासनेहून आल्यावर त्यांनी कानाला यंत्र लावून दिलं आणि कॅसेट सुरू केली. अप्पा डोळे मिटून बसले होते. भजन संपलं, पुढचंही गाणं संपलं, टेप खट्कन थांबली. खोलीत कोणी बोलेना. मग त्यांनी हात पुढे केला, यंत्रावर चाचपडत बटण शोधलं आणि लेकीला म्हणाले, "उलटी कर. दुसरी बाजू लाव."

दुसऱ्या बाजूला बुरशीचे डाग जास्त आहेत, त्या बाजूचा आवाज जागोजागी तुटतो. डब्यात पुड्या बदलून ती आम्ही पुन्हा ठेवली आहे. या शनिवारी उघडणार आहोत.